घागर चालते, बार चालत नाही

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायका जो बार उचलतात त्याचं नुसतं वजन असतं 15 किलो. पुरुषांचा 20 किलोचा. दोन्ही टोकांना प्लेट्स चढवल्या की मग खरं वजन सुरू होतं. आता घरातलं बघा. गॅसचा भरलेला सिलिंडर म्हणजे आत 14.2 किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच लोखंड, एकूण तीसेक किलो. तांदळाचं पोतं 25 किलो. पंधरा लिटरची घागर काठोकाठ भरली की पाण्याचेच पंधरा किलो, घागरीचं वेगळं. बेळगावात पाणी सुटायच्या दिवशी सकाळी कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तर अशा घागरी कमरेवर घेऊन जिने चढणाऱ्या बायका दिसतात. त्यांना कुणी थांबवून विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही, की बाई, इतकं वजन उचलतेस, अंग पुरुषासारखं होईल, पुढे मूल व्हायला त्रास होईल, कोण करून घेईल तुला?

जिममध्ये 15 किलोचा बार उचलणाऱ्या मुलीला मात्र हे प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतात. मला आले. वजन तेच, बाईचं शरीर तेच, मग अडचण नेमकी कशाची आहे हे मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी आधी वजन उचलल्यावर शरीरात काय होतं तेच बघावं लागलं.

ताकदीच्या व्यायामाचं मूळ तत्त्व अगदी साधं आहे. स्नायूंना आज झेपतं त्यापेक्षा थोडं जास्त काम द्यायचं, मग विश्रांती आणि अन्न द्यायचं, आणि शरीर तेवढं जुळवून घेईपर्यंत थांबून परत थोडं वाढवायचं. प्राचीन ग्रीसमधल्या मायलो नावाच्या पैलवानाची दंतकथा यासाठी नेहमी सांगतात. तो रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा, वासराचा बैल झाला तरी तो घेतच राहिला. मला वाटतं या गोष्टीसाठी ग्रीसला जायची गरज नव्हती. तान्हं मूल तीन किलोचं असतं, तीन वर्षांत ते बारा-तेरा किलोचं होतं, आणि आई ते रोज उचलत असते. पण त्याची दंतकथा कुणी केली नाही!

सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदूची आणि नसांची करामत असते. स्नायू तेच असतात, पण त्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकतं. म्हणून महिन्याभरात उचलायचं वजन बरंच वाढतं आणि आरशात मात्र काहीच बदललेलं दिसत नाही. स्नायू प्रत्यक्ष जाड व्हायला महिने, वर्षं लागतात. त्यातही पुरुषांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बायकांच्या साधारण पंधरा पट असतं, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट मारून कुणाचे दंड एकदम भीमासारखे होत नाहीत. ज्या बायकांचे होतात त्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं मोजून खाल्लेलं असतं. गंमत म्हणजे पहिल्या पातळीपासून किती टक्के ताकद वाढली असं मोजलं तर बायका पुरुषांच्या मागे राहत नाहीत. फरक असतो तो सुरुवातीच्या आकड्यात.

हाडांचं प्रकरण जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल आमच्या वयाच्या मुली फारसं बोलत नाहीत. हाड ही जिवंत वस्तू आहे. त्याच्यावर भार पडला की ते घट्ट होतं. तिशीपर्यंत हाडांची जी काय पुंजी जमते ती जमते, पुढे ती हळूहळू खर्च होते, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे बायकांमध्ये हा खर्च एकदम वाढतो. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेली आजी प्रत्येकाच्या नात्यात एखादी तरी असते. आपण म्हणतो, म्हातारपण, दुसरं काय! ते नुसतं म्हातारपण नसतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगते, त्यात बाई-पुरुष असा भेद नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. घरकाम केलं की व्यायाम झालाच की! जिमला पैसे कशाला? हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण घरकामाला खरंच ताकद लागते. पण वर सांगितलेलं तत्त्व परत वाचा. भार हळूहळू वाढवायचा, विश्रांती द्यायची, खायला द्यायचं. घागरीला यातलं काहीच लागू नाही. ती नेहमी त्याच एका कमरेवर येते, अंग दुखत असलं तरी पाणी सुटलं की उचलावीच लागते, आणि उचलणारी बाई बहुतेक घरांत सगळ्यांच्या शेवटी जेवते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं. व्यायामाने शरीर घडतं. विश्रांती आणि अन्नाशिवाय केलेल्या कष्टांनी ते झिजतं. बाळंतपणानंतर अंग सावरायच्या आत जड कामाला लागलेल्या बायकांना अंग बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो, हे डॉक्टर सांगतात. म्हणजे मूल होण्याशी संबंधित काळजी करायचीच असेल तर ती घागरीच्या बाबतीत करायला हवी होती. बारच्या बाबतीत, नीट शिकून वजन उचलल्याने मूल व्हायला अडचण येते याला आधार नाही.

मग आक्षेप वजनाला नाही. माझ्या मते तो असा आहे: बाईचं बळ दुसऱ्यासाठी खर्च होत असेल तोवर ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही. ती ते स्वतःसाठी साठवायला लागली, आणि ते तिच्या दंडावर दिसायला लागलं, की ते खुपतं.

साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे मला हे आधी शब्दांत दिसलं. मराठीत बाईच्या सुंदर शरीराला शब्द किती आहेत! नाजूक, शेलाटी, कमनीय, सिंहकटी, चवळीची शेंग. बळकट बाईसाठी काय आहे? आडदांड, दांडगट, पुरुषी. कौतुकच करायचं झालं तर मर्दानी, म्हणजे कौतुकातही मर्द आहेच. पुरुषाला भित्रा म्हणायचं असेल तर विचारतात, हातात बांगड्या भरल्यास काय रे? म्हणजे बांगड्यांचा हात हा दुबळेपणाचा शिक्का. आणि याच बांगड्यांच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून जातं ओढलं. ज्यांनी कधी जातं फिरवून बघितलं नसेल त्यांनी जमल्यास एकदा बघावं. खांदा, पाठ, कंबर, मनगट, सगळं एकदम कामाला लागतं आणि दहा मिनिटांत दम निघतो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात दळताना लागणाऱ्या बळाबद्दल, आणि ते बळ आईने खाऊ घातलेल्याचं आहे असं अभिमानाने सांगणाऱ्या ओव्याही आहेत. आपल्या दंडाचा असा सरळ अभिमान आमच्या अभ्यासक्रमातल्या नायिकांमध्ये मला फारसा भेटला नाही. ओवीत तो आला, कारण पहाटे जात्यापाशी ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

चारचौघांसमोर बळ दाखवणाऱ्या बाईचं काय होतं, हे हमीदा बानूच्या गोष्टीत दिसतं. ती उत्तर प्रदेशातली, कुस्ती अलिगढला शिकली. उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो, आणि ती पुरुषांशी लढायची. 1954 मध्ये तिने जाहीर केलं, मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्या वर्षीची तिची गाजलेली कुस्ती बडोद्यात झाली. तिथे आधी छोटे गामा तिच्याशी लढणार होता, पण बाईशी लढणार नाही म्हणून त्याने माघार घेतली. मग बाबा पैलवान उभा राहिला आणि 1 मिनिट 34 सेकंदांत पडला. इकडे आपल्या भागात काय झालं? पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती, ती कुस्ती संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने शोभासिंग पंजाबी या मल्लाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. जे कोल्हापूर कुस्तीसाठी जीव टाकतं, त्या कोल्हापुरात! तिच्या कुस्त्या नुरा असतात, म्हणजे आधी ठरवून केलेल्या, असा आरोप होता. असतीलही काही. त्या काळात पुरुषांच्याही असायच्या, पण त्यासाठी पुरुषांवर बाई असल्याचा आरोप झाला नाही. पुढे ती कल्याणला राहिली, दुधाचा धंदा केला, पैसे कमी पडले तेव्हा खाद्यपदार्थ विकले. 1986 मध्ये ती गेली.

हे सगळं वाचून आपलाच समाज तसा, असं म्हणून मोकळं व्हायची सोय नाही. आमच्या चर्चचंच घ्या. 1928 च्या मे महिन्यात रोममध्ये मुलींची जिम्नॅस्टिक्स-अॅथलेटिक्सची राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा पोप अकरावे पायस यांनी पत्र लिहून तिचा जाहीर निषेध केला. मुलींनी असं लोकांसमोर शरीर दाखवत स्पर्धा करणं त्यांना स्त्रीच्या मर्यादेला धरून वाटलं नाही. हेच पोप तरुणपणी नावाजलेले गिर्यारोहक होते, मोंते रोझासारखं शिखर चढून आलेले! त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा अॅथलेटिक्समध्ये उतरल्या. 800 मीटरनंतर काही जणी दमून खाली बसल्या, पेपरांनी गहजब केला आणि ती शर्यत बायकांसाठी बंद झाली. ती परत आली 1960 मध्ये, आणि कुठे, तर रोममध्ये. आता व्हॅटिकनची भाषा बरीच बदलली आहे. 2018 मध्ये खेळावर एक अख्खा दस्तऐवज निघाला, त्यात खेळाकडे माणसाच्या पूर्ण घडणीचा भाग म्हणून बघितलेलं आहे.

पण मला जास्त गंमत वाटते ती नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 31 व्या अध्यायाची. सद्‌गुणी स्त्रीचं वर्णन म्हणून तो आपल्याकडे लग्नात, महिला दिनाला, मावशी-काकूंच्या पंचविशीला वाचतात. त्यातल्या 17 व्या ओवीचा अर्थ असा आहे की ती कंबर कसते आणि आपले हात बळकट करते. मराठीत ‘कंबर कसणे’ आपण इतकं सहज म्हणतो की त्यात खरी कंबर आहे हे विसरूनच जातो. तर हा अध्याय मिस्सेत सामान्य काळाच्या 33 व्या रविवारी, तीन वर्षांतून एकदा येतो. वाचन आहे ओव्या 10 ते 13, मग 19-20, मग 30-31. म्हणजे तिने चरकी-चाती धरलेले हात आहेत, गरिबाला दिलेले हात आहेत, बळकट केलेले हात नाहीत. मुद्दाम ते दंडच कापले असं मी म्हणणार नाही. वाचन लहान करायचं होतं आणि बाकीही पुष्कळ ओव्या गेल्या आहेत, त्यात शेत विकत घेणारी बाईही गेली. पण काय ठेवावंसं वाटलं आणि काय गेलं तरी चाललं, हे त्यातून कळतंच. दुसरीकडे आपल्या कॅथलिक बायबलमध्ये जुडिथचं पुस्तक आहे. ती देवाकडे बळ मागते आणि सेनापती होलोफर्नेसच्या मानेवर दोन घाव घालते. दोन! म्हणजे लिहिणाऱ्याला मान कापायला किती जोर लागतो याची कल्पना होती. कॅराव्हॅजियोने तिचं चित्र काढलं त्यात ती हात लांब करून, अंग मागे घेऊन, घाबरल्यासारखी कापते आहे. काही वर्षांनी आर्टेमिसिया जेंटिलेस्की या चित्रकर्तीने तोच प्रसंग काढला, तेव्हा जुडिथ बाह्या मागे सारून, पूर्ण अंगाचा भार देऊन कामाला लागलेली आहे आणि तिचे दंड खरोखर दंडासारखे आहेत. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा, मी काय म्हणते ते लगेच पटेल.

वेटलिफ्टिंग पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये, 1896 मध्येच होतं. बायकांना त्यात यायला 2000 साल उजाडलं. त्याच पहिल्या वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने 69 किलो गटात ब्राँझ मिळवलं, स्नॅचमध्ये 110 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 130, एकूण 240 किलो. ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई ती, आणि त्या ऑलिम्पिकमधलं भारताचं एकमेव पदक तिचं. शेवटच्या प्रयत्नात तिने 137.5 किलो मागितले होते. ते निघाले असते तर सुवर्णच होतं. बारवर काय लावायचं हे तिथे दोघा-तिघांच्या हिशोबाने ठरतं, पण उचलताना मंचावर एकटीच असते.

मीराबाई चानूची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. मणिपूरच्या डोंगरातून सरपणाची मोळी आणताना मोठ्या भावाला उचलेना ती हिने उचलली, आणि घरच्यांच्या लक्षात आलं. म्हणजे घागर आणि बार यांच्यामधली वाट तिने प्रत्यक्ष चालून दाखवली. टोकियोत 49 किलो गटात 202 किलो उचलून रौप्य. 2024 मध्ये पॅरिसला 199 किलोवर चौथी आली, आणि त्यानंतर तिने सगळ्यांसमोर सांगितलं की आज पाळीचा तिसरा दिवस होता. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त वजन डोक्यावर नेणारी बाई हे वाक्य इतक्या साधेपणाने बोलते, आणि आमच्या काही घरांत अजून पाळीत लोणच्याची बरणी उचलायला बंदी आहे. (पाळीत व्यायाम करू नये असा वैद्यकीय नियम नाही. झेपेल तेवढा करावा, नाही झेपला तर झोपावं.)

आणि हे सगळं लांबचं आहे असंही समजू नका. आपल्या बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या शेतकऱ्याची मुलगी मलप्रभा जाधव हिने 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात 52 किलो गटात ब्राँझ आणलं. कुराश म्हणजे उझबेकिस्तानकडची, अंगातलं जाकीट धरून खेळायची कुस्ती. मार्च 2023 मध्ये सांगलीत बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. हमीदा बानू दूध विकायची तेच कल्याण. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गदा खांद्यावर दिली, फोटो काढले. कोल्हापूरच्या दगडांपासून सांगलीच्या टाळ्यांपर्यंत यायला सत्तरेक वर्षं लागली. तरीसुद्धा पदक मिळवलेल्या मुलीचं बळ लोकांना आता चालतं, कारण ते देशासाठी, गावासाठी ‘कामी आलेलं’ असतं. कसलंच पदक न आणता नुसती बळकट असलेली मुलगी अजून चालत नाही. लग्नाच्या जाहिरातीत ‘सडपातळ’ असतंच, ‘बळकट’ मी तरी शोधूनही पाहिलेलं नाही.

सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी थोडं. आधी रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन कमी असेल तर ते पहिलं बघा. बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, ढकलणं, ओढणं, आणि वजन हातात घेऊन चालणं, एवढ्या पाच हालचाली नीट शिकलात तरी सहा महिने पुरतात. पहिल्या दिवशी रिकामा बारसुद्धा जड वाटला तर पाण्याचे दोन कॅन घ्या. कॅन अर्धा भरला की अर्धं वजन, इतकं सोपं. पाठ सरळ ठेवून, भार पायांवर घेऊन उचलायचं. ही गोष्ट शिकलात तर तीच घागरीलाही लावा आणि घरी आईलाही शिकवा. पावडरच्या डब्याच्या मागे लागायची गरज नाही. उसळ, अंडी, दही, शेंगदाणे, बाजारच्या दिवशी मासे, हे पोटभर आणि वेळेवर. सगळ्यांच्या शेवटी नव्हे.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. आमच्या भागातल्या एका जिममध्ये ‘लेडीज बॅच’ सकाळी अकरा ते दुपारी चार अशी आहे, म्हणजे बाई घरीच असते हे गृहीत धरून. कॉलेजच्या मुलींनी काय करायचं? शिवाय त्या वेळात वजनांच्या खोलीला कुलूप आणि बाहेर फक्त ट्रेडमिल. आम्ही चौघी जाऊन मालकांशी बोललो. काका आधी हसले, मग म्हणाले, घरचे काय म्हणतील ते आधी विचारून या. विचारून गेलो. मंगळवार-गुरुवार सकाळी सहा ते सात मिळालं, वजनांच्या खोलीसकट. अजून तिघी-चौघींना जागा आहे, यायचं असेल त्यांनी मंडळाच्या फळ्यावर नाव लिहून ठेवा.